बेहड्याची ढोली

रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या देवराईत, जानेवारी सरता सरता, मान वर करून जुन्या बेहड्याचं खोड न्याहाळलं तर खूप उंचावर एखादी उभी फट दिसते. दोन बोटं जेमतेम शिरतील एवढीच. कडेला वाळलेल्या चिखलासारखा राखट लेप. त्या लेपामागे महाधनेशाची मादी बसलेली असते. विष्ठा, माती आणि फळांचा चोथा यांनी ढोलीचं तोंड तिनं आतून लिंपून घेतलेलं असतं. अंडी एक किंवा दोन, उबवायला ३८ ते ४० दिवस. त्याच काळात तिची उडायची पिसं झडतात, म्हणजे ठरवलं तरी तिला कुठे जाता येत नाही. नर बाहेर. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज. शेजारच्या फांदीवर बसतो, मान मागे टाकतो, गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. मग दुसरं, मग तिसरं. पिल्लू जरा मोठं झालं की मादी लेप फोडून बाहेर पडते, पिल्लू आतून फट पुन्हा लिंपतं आणि दोघं मिळून त्याला भरवतात. पिल्लू उडेपर्यंत साधारण चार महिने सगळा संसार त्या एका फटीवर चालतो. मादी आत असताना नर मारला गेला, तर आतल्यांचंही संपलंच.

कोकणात या पक्ष्याला गरुड म्हणतात, तळकोकणात माडगरुड. त्याहून लहान तो मलबारी कवड्या धनेश, त्याला ककणेर. दोघांची अडचण एकच आहे. चोच एवढी थोरली, पण लाकूड कोरायच्या कामाची नाही. आयती ढोली लागते. अशी ढोली होते कशी, तर वादळात मोठी फांदी मोडते, खाचेत पावसाचं पाणी मुरतं, बुरशी धरते, गाभा कुजत जातो आणि बाहेरचं लाकूड जिवंत राहून वाढतच राहतं. तीन किलोंचा पक्षी आणि त्याचं वाढतं पिल्लू मावायचं, तर खोड एकट्याच्या कवेत न येणारं हवं. असं खोड व्हायला माणसाच्या तीन-चार पिढ्या जातात. बेहडा या कामाला फार चांगला, कारण तो प्रचंड वाढतो, त्याचं लाकूड टिकाऊ नसल्यानं गाभा लवकर पोकळ होतो आणि पोकळ झाल्यावरही झाड वर्षानुवर्षं उभं राहतं.

म्हणून एखाद्या कंपनीनं अमुक हजार रोपं लावली अशी बातमी वाचली की माझ्या मनात पहिल्यांदा ही फट येते. रोपं लावणं चांगलंच, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण आज लावलेल्या रोपात धनेशाला घर मिळायला शतक उलटेल, आणि तोवर त्याला राहायला जे जुने बेहडे आहेत ते उभे राहिले पाहिजेत. कंपनीचा पैसा आधी तिकडे गेला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

बेहड्याला कायद्याचा आधार थोडा. खाजगी जमिनीवरच्या झाडतोडीचं नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा. परवानगीशिवाय तोडता येणार नाहीत अशा सोळा जातींची यादी त्यात आहे: साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी. हिरडा त्या यादीत आहे, बेहडा नाही. लोकांच्या मनातही त्याला फारशी माया नाही. नळराजाच्या अंगातून निघालेला कली बेहड्यात शिरला, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फुलोऱ्याला वासही उग्र. लाकडाला फर्निचरवाला विचारत नाही, मग ते खोक्यांना जातं, नाहीतर सरळ जळणाला. आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. पंधरा-वीस वर्षांनी डोंगर ‘तोडीला द्यायचा’ ही तिथली जुनी रीत. ठेकेदार येतो, अख्ख्या उताराचा ठोक भाव ठरवतो, आणि त्या ठोक भावात शंभर वर्षांचा बेहडा आणि मनगटाएवढी किंजळ एकाच ट्रकमध्ये चढतात. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचं छप्पर अशी गरज दारात उभी असते. मालकाला दोष देण्यात काही अर्थ नाही.

इथे फळ कामाला येतं. हिरडा, बेहडा, आवळा म्हणजे त्रिफळा, आणि त्रिफळ्याला बाजार आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था १९९४ पासून उत्तर सह्याद्रीत काम करते. देवराया आणि खाजगी जंगलं यांवर काम करताना तिनं बेहड्याचं गणित फळाच्या बाजूनं मांडलं. गावकऱ्यांनी झाडाखाली पडलेली फळं गोळा करायची, फेअरवाइल्ड या, रानमाल जपून गोळा केल्याच्या प्रमाणपत्राच्या नियमांनी, आणि ती चांगल्या भावानं अशा कंपनीला द्यायची जिला रानातून नीट गोळा केलेला माल हवा आहे. ब्रिस्टलची पक्का हर्ब्ज ही चहा आणि वनौषधींची कंपनी अशी गिऱ्हाईक झाली. २००१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरनं विकत घेतली. संगमेश्वरात बेहडा, भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी गावांत हिरडाही. ज्या झाडावर धनेशाची ढोली आहे, त्या झाडाची फळं दरसाल विकली जातात, आणि ठेकेदार दारात आला की मालकाकडे नाही म्हणायला एक कारण असतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला किचकट आहे, आणि सगळं यश त्या किचकटपणात आहे.

बेहड्याची फळं थंडीत पिकतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत गळतात. हातात घेतलं तर राखट तपकिरी, मखमलीसारखी बारीक लव, सुपारीहून थोडं मोठं; वाळलं की अंगावर पाच पुसट कंगोरे उठतात. झाड हलवायचं नाही, फांदी तोडायची नाही, आकडी लावायची नाही. पडलेलंच उचलायचं. तेही पहिल्या एक-दोन आठवड्यांत, कारण दंव पडतं, पालापाचोळा ओला राहतो, फळाला खालच्या बाजूनं काळी बुरशी धरते आणि किडा भोक पाडतो. भोकाचं फळ पोत्यात गेलं की शेजारची दहा घेऊन बसतं. म्हणून निवड झाडाखालीच करायची, घरी गेल्यावर नाही. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. निवडलेल्या आणि न निवडलेल्या मालाच्या भावात फरक ठेवला नाही, तर निवडायचे कष्ट त्यांनी का घ्यावेत?

किती उचलायचं, याचा हिशेब आधी करावा लागतो. झाडाच्या घेराखाली एक मीटर लांब-रुंद अशा आठ-दहा चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीतली फळं मोजायची. समजा झाडाचा विस्तार मध्यापासून आठ मीटर आहे, तर खालची जागा २०० चौरस मीटर भरते. चौकटीत सरासरी १२ फळं निघाली तर झाडाखाली २,४०० फळं आहेत. शंभर फळांचं वजन केलं की किलोचा अंदाज मिळतो. मग त्यातला ठरलेला वाटा मागे ठेवायचा, भेकरासाठी, उदमांजरासाठी आणि रुजण्यासाठी. हा वाटा आकड्यात सांगून भागत नाही, कारण वजन करताना कुणी जंगलात उभं नसतं. गावात खरा चालतो तो साधा नियम: झाडाच्या वरच्या अंगाला पडलेलं आपलं, उताराच्या अंगाला गडगडून गेलेलं रानाचं. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी दहा मीटर लांब-रुंद पट्ट्यात बेहड्याची रोपं मोजायची. बोटभर रोपं असतील आणि गुडघ्याएवढी एकही नसेल, तर गोळा करण्यात चूक नाही, गुरं चरतायत किंवा वणवा लागतोय. बोटभरही नसतील, तर मात्र गोळा करणंच कमी करायला हवं.

हिरड्याची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात पैसा येतो तो बाळहिरड्याचा, म्हणजे बी धरायच्या आधीच खुडून वाळवलेल्या कोवळ्या फळाचा, उन्हाळ्यात. तो पडायची वाट बघता येत नाही, झाडावर चढावंच लागतं. घाई असली, झाड सामाईक असलं, की फांदीसकट तोडलं जातं. फांदी गेली की पुढच्या दोन-चार हंगामांचं फळ गेलं. आणि झाडावरचा सगळा हिरडा कोवळाच उतरवला तर रुजायला बी उरतच नाही. म्हणून काही झाडं पुरी पिकायला सोडायची, त्यांना खूण करायची आणि तो पिकला हिरडाही विकत घ्यायची हमी द्यायची. हमी नसेल तर ती खूण कुणी मानत नाही.

वाळवण्यात तर एक फार जुनी सवय आडवी येते. आपल्याकडे वाळवण म्हणजे सारवलेलं अंगण. पापड, आमसुलं, मिरच्या सगळं तिथंच. पण बाहेर जाणाऱ्या औषधी मालाची प्रयोगशाळेत जंतूंसाठी तपासणी होते, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाळलेला माल तिथे नापास होऊ शकतो. डांबरी रस्त्यावर किंवा चुलीच्या माळ्यावर वाळवला तर धुराचे आणि डांबराचे अंश मिळतात, तेही चालत नाही. म्हणजे हवी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच मांडव घालून बांधलेली जाळी, किंवा निदान स्वच्छ ताडपत्री, आणि संध्याकाळी झाकायला दुसरी. हे नुसतं बजावून होत नाही, जाळी आणि बांबू कंपनीच्या पैशातून गावात पोचावे लागतात. बायांना त्यांचं अंगण घाणेरडं आहे असं सांगितलं तर त्या पुन्हा यायच्या नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. फळ वाळलं का हे बघायला साल मोडून पाहायची. वाकली तर ओली, कडकन तुटली तर झालं. मग फोडून बी काढायची, कारण त्रिफळ्याला साल लागते. भरायचं तागाच्या पोत्यात. प्लॅस्टिकच्या गोणीत आत घाम धरतो. पोत्याला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर गोळा करणारीचा क्रमांक, रानाचं नाव, तारीख आणि वजन. चिठ्ठी हरवली की ते पोतं प्रमाणपत्राबाहेर गेलं. मग ते साध्या भावानं विकायचं, त्यात तडजोड करायची नाही. एकदा तडजोड झाली की सगळ्या गावाचं प्रमाणपत्र धोक्यात येतं.

पैसे त्याच दिवशी, वजनकाट्यावर. व्यापारी कमी देतो, पण रोख देतो. कंपनीचा चढा भाव तीन महिन्यांनी खात्यावर येणार असेल, तर फेब्रुवारीत फळ व्यापाऱ्याकडेच जाणार. त्यामुळे मधल्या संस्थेकडे हंगामाआधी खेळतं भांडवल असावं लागतं, आणि कंपनीनं आगाऊ रक्कम दिल्याशिवाय ते उभं राहत नाही. अशी अनेक कामं रानात बिघडण्याआधी इथेच बिघडतात.

दुसरा धोका एकाच गिऱ्हाइकाचा. बेहडा दरवर्षी सारखा फळत नाही. एक साल भरघोस, पुढचं रिकामं. कंपनीची मागणी मात्र दरसाल ठरावीक, किंवा एखाद्या वर्षी चहाचं मिश्रण बदललं म्हणून अचानक निम्मी. फळ असताना मागणी नाही, मागणी असताना फळ नाही. यावर उपाय कोरड्या गोदामाचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीदाराचा, आणि किमान खरेदीच्या अनेक वर्षांच्या लेखी कराराचा. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, पण कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम त्यात धरलं जात नाही, आणि चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षांची मुदत असते. म्हणजे चहा विकणाऱ्या कंपनीनं बेहडा विकत घेतला तर तो खर्च खरेदीखात्याचा. मला यात नुकसान वाटत नाही. समाजकार्याचा प्रकल्प मुदत संपली की बंद होतो. खरेदीखात्यातली ओळ माल लागतोय तोवर चालू राहते.

समाजकार्याचा पैसा खपवावा कशात, तर संवर्धन करारात. ज्या मालकाच्या जंगलात फळ थोडं आणि पक्षी भरपूर, त्याला ठरावीक वर्षं तोड न करण्याबद्दल मोबदला द्यायचा. त्यात बोलायचं काय काय ते सविस्तर ठरवावं लागतं: हद्द चालत जाऊन खुणांनी, पडलेलं सुकं लाकूड न्यायचं की नाही, कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडायची किती, गवत कुणाचं, जाळरेषा कुणी काढायची. मोबदला एकरकमी द्यायचा नाही, दरवर्षी पाहणी झाल्यावर हप्त्यानं. आणि सगळ्यात अवघड असतो तो सातबारा. कोकणातल्या सामाईक जमिनीवर वीस-पंचवीस नावं सहज असतात. निम्मे चाकरमानी मुंबईत, काही वारलेले, काहींचे वारस लागलेलेच नाहीत. गावातल्या दोघांनी सही केली म्हणून करार झाला असं धरलं, आणि गणपतीला आलेल्या तिसऱ्यानं डोंगर ठेकेदाराला दिला, की सगळं मुसळ केरात. म्हणून सह्यांची बैठक शिमग्याला किंवा गणपतीत लावायची, सगळे घरी असतात तेव्हा. वेळ लागतो. एकेका डोंगराला दोन सणही जातात.

आता रोपांबद्दल. बेहड्याचं ताजं बी गर काढून, रात्रभर पाण्यात भिजवून, थंडी सरल्यावर पेरलं तर सहज उगवतं. बिघडतं ते पुढे. सोटमूळ फार वेगानं खाली जातं, छोट्या पिशवीच्या तळाला लागून वेटोळं घेतं, आणि असं झाड लावल्यावर चार-पाच वर्षं बरं दिसतं, मग वाऱ्यात कलंडतं. उंच पिशवी घ्यावी, नाहीतर जून लागल्यावर बी थेट जागेवर टोकावं, उंदीर-साळिंदराचा हिशेब धरून एका जागी तीन. हिरडा हट्टी आहे. आठळी दगडासारखी. रुंद टोकाकडून कवच थोडं कापावं लागतं, आतल्या गराला धार लागू न देता, मग ३६ तास थंड पाण्यात. तरीही उगवण महिने घेते आणि निम्मी बी उठत नाही. रोपवाटिकेत दोन्ही एकाच वेळी पेरून जूनमध्ये दोन्ही तयार मिळतील असं धरणारा माणूस ऐन वेळी बाजारातून दुसरीच रोपं आणतो.

शिवाय धनेश राहतो बेहड्यात, जेवतो दुसरीकडे. उंबर, वड, पायर, नांद्रुक ही त्याची भाकरी. ककणेराला काजराही लागतो. उंबराच्या जातीचं बी धुळीएवढं. पिकलं फळ कुस्करून, वाळवून, राखेत मिसळून ओल्या विटांच्या भुग्यावर भुरभुरायचं आणि वरून पाणी ओतायचं नाही, खालून चढू द्यायचं. वडाची जाड फांदी लावली तरी धरते, पण सगळे वड एकाच झाडाच्या फांद्यांचे झाले तर एकाच वेळी फळतात आणि एकाच वेळी रिकामे होतात. म्हणून दहा झाडांचं बी.

आणि एक कळकळीची गोष्ट. कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, झाडं लावू नका. मार्चमध्ये तो ओसाड दिसतो, खड्डे खणायला मोकळा, मोजायला सोयीचा, अहवालातल्या फोटोला उत्तम. पण जुलै ते सप्टेंबरात त्याच जांभ्याच्या उथळ पाण्यात जी इवली फुलं येतात, त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कुठे नाहीत. सुरुंग लावून, माती भरून तिथे रोप जगवलं तरी ते खुरटतं आणि सडा मात्र कायमचा जातो. जागा हवी ती तुटलेल्या उताराची, जिथे जुनी खोडं अजून फुटवा धरतायत. तिथे तर पहिली दोन वर्षं काही लावूच नये. गुरं आवरावीत, जाळरेषा काढावी आणि काय आपसूक उठतं ते पाहावं. जे येत नाही तेवढंच मग लावावं.

ढोलीवर लक्ष ठेवणं हेही गावातल्याच माणसाचं काम, आणि त्याचे रोजचे पैसे मिळायला हवेत. मादी लिंपत असते ते दिवस सगळ्यात नाजूक. तेव्हा झाडाकडे, फळं उचलायलासुद्धा, फिरकायचं नाही, नाहीतर ती ढोली सोडते. नंतर लांबून, आडोशानं, नर किती वाजता आला आणि काय घेऊन आला एवढंच वहीत लिहायचं. झाडाची जागा मोबाइलवर कुणाला पाठवायची नाही. कॅमेरेवाल्यांची एक गाडी आली की तिच्यामागे दहा येतात.

मे संपता संपता पिल्लू उडतं, ढोली रिकामी होते आणि मग झाडाखाली जायला हरकत नसते. चार महिने वरून पडलेल्या बियांचा तिथे थर साचलेला असतो, जांभळाच्या, काजऱ्याच्या, कितीतरी ओळखूही न येणाऱ्या. मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात तिथली जमीन हिरवीगार होते. एवढ्या गर्दीत आणि सावलीत त्यांतलं जवळपास काहीच जगत नाही. तिसरं पान फुटायच्या आत, सकाळी, माती ओली असताना, बोटांनी नाही तर चपट्या काडीनं मुळासकट उचलून ती पिशवीत घ्यायची आणि पहिले पंधरा दिवस त्याच बेहड्याच्या सावलीत ठेवायची.